बारा छात्या

तांबाकाट्याला आमच्या दुकानात
एका मंगळवारी मेहरनाझबाई आल्या,
मोबाइल पुढे धरून म्हणाल्या,
"असे बारा जोड करायचेत. छाती आणि पाठ."

अण्णांनी चष्मा कपाळावर नेला.
फोटोत एक बिनमुंडक्याची छाती होती,
लोखंडावर पिवळ्या तांब्याचा पातळ पत्रा चढवलेली,
कडेने रिबिटं, खांद्यावर खवल्यांच्या पट्ट्या.
"फ्रेंच घोडदळ," बाई म्हणाल्या. "काराबिनिए.
उंचातली उंच माणसं आणि काळे घोडे."
अण्णांनी विचारलं, "गेज किती?"

रात्री मी त्यांना वाचून दाखवलं.
आधी त्यांचा कोट निळा असे,
टोपी अस्वलाच्या कातड्याची, हातभर उंच,
आणि छातीवर काही नाही. त्याचाच तोरा.
मग ऑस्ट्रियातल्या एका उन्हाळ्यात इतके पडले
की बादशहाने हुकूम काढला:
पांढरा कोट, आकाशी कॉलर,
अंगावर तांबं,
शिरस्त्राणावर लाल लोकरीचा तुरा, कोंबड्याने लाजावं असा.
"पांढरा?" आई आतून म्हणाली,
"घोड्यावर? आणि धुणारी कोण होती?"
ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

काम लागलं.
मोगरी, खरवई,
भट्टीतून निघालेला लालभडक पत्रा, पाण्यात चर्र.
अण्णांचा हात सवयीने मठार काढू लागला,
ठोक्याला ठोका लागून, माशाच्या अंगासारखा.
बाईंचा फोन आला, "नको, गुळगुळीत हवं."
त्या दिवशी अण्णा जेवतानाही बोलले नाहीत.
मठार नसलेलं तांबं त्यांच्या लेखी नागडं.

मापाला शब्बीर कलईवाला उभा राहिला.
बक्कल आवळल्यावर म्हणाला,
"आठ किलो तरी असेल. हे घालून पळायचं कुठे?"
मी म्हटलं, "पळायचं नसतंच, समोर जायचं असतं."
तो म्हणाला, "मग घोड्याला विचारलं होतं का?"

झालेली प्रत्येक छाती
अण्णा उताणी ठेवून पाण्याने भरायचे.
आजोबांपासूनचा नेम. भांडं गळत नाही ना, बघायचं.
बारा छात्या ओळीने पडलेल्या,
प्रत्येकीत पाण्याचा एकेक तवा,
आणि त्यात आमचा ट्यूबलाइट.

आणि मग बाई म्हणाल्या,
"एकाला भोक हवं. तोफगोळ्याचं.
पॅरिसच्या संग्रहालयात आहे ना, तसं."
फोटो पाठवला. उजव्या छातीत,
मोसंब्याएवढं.

"भोकाचं भांडं आम्ही करत नाही."
असं म्हणणारा माणूस आडनावाने पोटफोडे.
शाळेत या नावावरून मी काय काय ऐकलंय!
दोन दिवस नाही म्हणजे नाही.
तिसऱ्या रात्री खालून आवाज आला,
एकच, मोठा.
मग बराच वेळ काही नाही.
मग कानशीचा.

मी उतरले तेव्हा जोड बांधून झाला होता.
पुढचं भोक गोल, कडा आत वळलेल्या.
पाठीचं फाटलेलं,
पत्रा पाकळ्यांसारखा बाहेर आलेला.
अण्णांनी समोरून हात घातला, कोपराच्या वर.
पाठीतून बोटं बाहेर आली.
ती त्यांनी हलवून पाहिली.
"आत अस्तर होतं म्हणालीस ना?"
"हो. निळं, पांढऱ्या काठाचं."
"शिवून घे," म्हणाले. "दिसलं नाही तरी."

शूटिंग मढला झालं.
घोडे व्हिक्टोरियाचे, धंदा बंद झाल्यावर उरलेले,
तपकिरी. त्यांना म्हणे काळा रंग फासला.
जाहिरात घड्याळाची निघाली.
भोकाचा जोड त्यात कुठे नाही,
मी थांबवून थांबवून पाहिलं.

आमच्या पावतीपुस्तकात चिलखत बसेना.
अण्णांनी लिहिलं:
परात, मोठी, अकरा जोड.
खाली, जरा अंतर सोडून:
एक जोड गळका. पैसे नाहीत.